पेशींचें वार्धक्य आणि कर्करोग

(नभोवाणीवरील भाषण)



कर्करोग हा शब्द उच्चारला कीं घरांतलीं माणसें आपोआप आवाज खालीं आणतात. या रोगाविषयीं बोलतांना आपण साधारणतः वाढीची भाषा वापरतों. गांठ वाढली, रोग पसरला, असें म्हणतों. ही भाषा बरोबरच आहे. कारण शरीरांतील कांहीं पेशींनीं मर्यादा सोडून वाढूं लागणें हेंच या रोगाचें मूळ स्वरूप होय. परंतु आज मी या चित्राची दुसरी बाजू आपणांपुढें मांडणार आहें. पेशी वाढतां वाढतां थांबतात कशा, थांबल्यावर त्यांचें काय होतें, आणि जें थांबणें तरुणपणीं आपलें रक्षण करितें तेंच उतारवयांत आपल्यावर कसें उलटतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम एका कोड्याकडे लक्ष द्या. प्रौढ मनुष्याच्या शरीरांत सुमारें ३० लाख कोटी पेशी असतात, आणि त्या सर्व एका पेशीपासून विभाजनानें निर्माण झालेल्या असतात. कातडी, आंतड्यांचें अस्तर, रक्त, यांच्या पेशी तर जन्मभर झिजत आणि नव्यानें तयार होत असतात. प्रत्येक विभाजनाच्या वेळीं पेशीला आपल्या आनुवंशिक लेखाची, म्हणजे कोट्यवधि अक्षरांच्या एका प्रचंड ग्रंथाची, नक्कल करावी लागते. एवढ्या नकला होत असतां कोठें ना कोठें लेखनदोष राहणारच. आणि त्यांतील कांहीं दोष असे असतात कीं त्यांच्यामुळें पेशीला वाढीची अनावर प्रेरणा मिळते. मग प्रश्न असा पडतो कीं, आपण सर्वजण विशीच्या आंतच कर्करोगानें कां मरत नाहीं? आणि बहुसंख्य कर्करोग पन्नाशी-साठीनंतरच कां डोकें वर काढतात? दोष सांठण्यास काळ लागतो, हें याचें एक उत्तर आहे आणि तें खरेंहि आहे. पण तें पुरें नाहीं.

उरलेलें उत्तर सांपडण्यास अर्धें शतक लागलें, कारण एका मोठ्या शास्त्रज्ञाचा शब्द आड आला होता. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेंत काम करणारे फ्रेंच शस्त्रवैद्य अलेक्सिस कॅरेल यांनीं १९१२ मध्यें कोंबडीच्या गर्भांतील हृदयाचा एक बारीक तुकडा कांचेच्या पात्रांत, पोषक द्रवांत ठेविला. त्याच वर्षीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें होतें. तो तुकडा वाढतच राहिला. कॅरेल १९४४ मध्यें वारले, तरी त्या पेशी १९४६ पर्यंत जोपासल्या जात होत्या. कोंबडीचें सारें आयुष्य तें किती! या प्रयोगावरून सर्वांनीं असा निष्कर्ष काढिला कीं, पेशी स्वभावतः अमर आहे. म्हातारपण येतें तें शरीराला, पेशीला नव्हे.

या समजुतीला फिलाडेल्फिया येथील विस्टार संस्थेंतील एका तरुण संशोधकानें धक्का दिला. त्यांचें नांव लिओनार्ड हेफ्लिक. मानवी गर्भाच्या फुफ्फुसांतील पेशी पात्रांत वाढवीत असतां त्यांना दिसून आलें कीं, सुमारें ५० वेळां दुप्पट झाल्यावर त्या मंदावतात व अखेर विभागणें बंद करितात. पोषणांत कांहीं उणें असेल, विष शिरलें असेल, अशी शंका कोणीहि घेतली असती. तिचें निरसन करण्यासाठीं हेफ्लिक व त्यांचे सहकारी पॉल मूरहेड यांनीं एक सुंदर प्रयोग केला. पुष्कळ वेळां विभागलेल्या, म्हणजे जुन्या झालेल्या, पुरुषपेशी आणि थोड्याच वेळां विभागलेल्या स्त्रीपेशी त्यांनीं एकाच पात्रांत एकत्र ठेविल्या. सूक्ष्मदर्शकाखालीं रंगसूत्रांवरून या दोन्ही जाती ओळखतां येतात. कांहीं काळानें पाहतात तों पात्रांत फक्त स्त्रीपेशी शिल्लक होत्या! अन्न तेंच, हवा तीच, पात्र तेंच. तरी जुन्या पेशींचा वंश संपला व नव्यांचा चालू राहिला. म्हणजे मोजमाप पेशीच्या आंतच होत होतें. शिवाय पेशी गोठवून ठेविल्या व पुढें पुन्हां उबेंत आणिल्या, तर जेथें गणना थांबली होती तेथूनच ती पुढें चालू होई. हा निबंध १९६१ मध्यें प्रसिद्ध झाला, पण त्यापूर्वीं एका मान्यवर नियतकालिकानें तो परत केला होता. कॅरेल यांच्यासारखा निकाल मात्र पुढें दुसऱ्या कोणालाहि मिळाला नाहीं. पोषणासाठीं ते पात्रांत गर्भाचा जो अर्क घालीत, त्याबरोबर ताज्या पेशीहि आंत जात असाव्यात, असा आतां तर्क केला जातो.

ही मर्यादा न मानणाऱ्या पेशीहि शास्त्रज्ञांना ठाऊक होत्या. अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत १९५१ मध्यें हेन्रिएटा लॅक्स नांवाची एक कृष्णवर्णीय स्त्री गर्भाशयमुखाच्या कर्करोगानें वारली. तिच्या गांठींतून, तिची संमति न घेतां, काढलेल्या पेशी 'हीला' या नांवानें आजहि जगभरच्या प्रयोगशाळांत विभागत आहेत. तेव्हां भेद स्पष्ट झाला. निरोगी पेशी ठराविक पल्ला गांठून थांबते; कर्करोगाची पेशी थांबण्याचें विसरलेली असते.

आतां पेशी मोजते तरी कशानें? याचें उत्तर मॉस्को येथील अलेक्सेय ओलोव्निकोव्ह यांना सुचलें. हेफ्लिक यांच्या शोधावरील व्याख्यान ऐकून ते भुयारी रेल्वेच्या स्थानकावर आले, आणि रुळावरील गाडी पाहतां पाहतां त्यांच्या मनांत आलें कीं, आनुवंशिक सूत्राची नक्कल करणारें यंत्रहि असेंच सूत्रावरून धांवत असेल, तर सूत्राच्या अगदीं टोकाचा भाग त्याच्या हातीं लागणार नाहीं. दर नकलेस सूत्र किंचित् आंखूड होत जाईल. ही कल्पना त्यांनीं १९७१ मध्यें मांडली. आपल्याकडील उपरण्याच्या टोकांना ज्या दशा सोडलेल्या असतात त्या आठवा. वापरतां वापरतां दशांचे दोरे झडतात, पण जोंवर दशा आहेत तोंवर मूळ वीण उसवत नाहीं. रंगसूत्रांच्या टोकांनाहि अशाच दशा असतात. त्यांना टेलोमिअर म्हणतात. मनुष्यांत तेथें सहा अक्षरांचा एकच निरर्थक शब्द हजारों वेळां लिहिलेला असतो, आणि दर विभाजनागणिक त्यांतील साधारण ५० ते २०० अक्षरें गळतात. दशा फार तोकड्या झाल्या कीं पेशी तें ओळखते आणि वीण उसवण्यापूर्वींच विभागणें बंद करिते.

या झिजलेल्या दशा पुन्हां विणणारें एक द्रव्यहि पेशींत असतें. एलिझाबेथ ब्लॅकबर्न व कॅरल ग्रायडर यांनीं तें १९८४ मध्यें एका तळ्यांतल्या सूक्ष्म जीवांत शोधून काढिलें. या कामाबद्दल त्या दोघींना व जॅक शोस्टाक यांना २००९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. त्या द्रव्याचें नांव टेलोमरेज. आपल्या बहुतेक सामान्य पेशींत तें जवळजवळ बंद असतें. परंतु कर्करोगाच्या दहांपैकीं सुमारें नऊ प्रकरणांत तें जागें झालेलें आढळतें. चोरानें किल्ली मिळविली, असेंच याला म्हणावें लागेल. यावरून एक गोष्ट ध्यानांत यावी. पेशींच्या आयुष्याला घातलेली ही मर्यादा म्हणजे निसर्गाचा कंजूषपणा नसून कर्करोगाला घातलेला बांध आहे. एखादी पेशी बहकली तरी पन्नासएक पिढ्यांत तिच्या वंशाची वाट अडावी, अशी ती योजना आहे.

आणि झीज होईपर्यंत वाट पाहण्याचेंहि कारण नसतें. १९९७ मध्यें असें सिद्ध झालें कीं, निरोगी पेशींत वाढीची अनावर प्रेरणा देणारें 'रास' नांवाचें दोषयुक्त जनुक घातलें, तर ती पेशी भराभर वाढण्याऐवजीं लवकरच थांबते! जणूं घोडा उधळण्याच्या बेतांत आहे हें ओळखून सारथ्यानें लगाम खेंचावा. हा लगाम मुख्यतः पी-५३ व पी-१६ या नांवांच्या दोन प्रथिनांच्या हातीं असतो. आनुवंशिक लेखाला किरणांनीं वा विषारी द्रव्यांनीं मोठी इजा झाली तरी हींच प्रथिनें पेशीला थांबवितात. मनुष्याच्या कर्करोगांपैकीं जवळजवळ निम्म्यांत पी-५३ चें जनुक बिघडलेलें सांपडतें, यावरून त्याची योग्यता कळेल.

याचा पुरावा पाहण्यास प्रयोगशाळेंत जावयास नको. आपल्या अंगावरचा तीळ पाहा. बहुतेक तिळांतील रंगपेशींत 'ब्रॅफ' नांवाच्या जनुकाचा एक दोष असतो, आणि हाच दोष कातडीच्या एका घातक काळ्या कर्करोगांतहि पुष्कळदां आढळतो. म्हणजे तीळ हा त्या वाटेवर पहिलें पाऊल टाकलेल्या पेशींचा समूह होय. त्या कांहीं काळ विभागल्या, तांदुळाच्या कणीएवढ्या झाल्या, आणि मग थबकल्या. त्या तशाच चाळीस-पन्नास वर्षें स्वस्थ राहतात. अशा थबकलेल्या पेशींत वार्धक्याचीं लक्षणें असतात, असें १९९७ च्या त्या प्रयोगाला आठ वर्षें झाल्यावर, २००५ मध्यें, दाखविण्यांत आलें. ज्याला आपण सौंदर्याची खूण मानितों तो गालावरचा तीळ म्हणजे वेळींच आंवरलेलें एक संकट आहे.

येथवरची कथा ऐकून कोणालाहि वाटेल कीं पेशींचें वार्धक्य हें केवळ वरदान आहे. परंतु थांबलेली पेशी मेलेली नसते, ही गोष्ट येथें महत्त्वाची आहे. ती फुगते, पसरट होते, अन्न घेते, आणि मरणाला दाद देत नाहीं. त्याहून विशेष म्हणजे ती गप्प बसत नाहीं. दाह उत्पन्न करणारीं, भोंवतालचें तंतुजाल विरघळविणारीं, शेजारच्या पेशींना वाढीस उद्युक्त करणारीं नाना द्रव्यें ती सारखी बाहेर सोडीत असते. कॅलिफोर्नियांतील विदुषी ज्युडिथ कॅंपिसी व त्यांचे सहकारी यांनीं या स्रावांचा तपशीलवार अभ्यास २००८ मध्यें प्रसिद्ध केला.

हे स्राव मुळांत निरुपयोगी नाहींत. रात्रीं आळींत दगा झाला तर पहारेकरी हाळी घालतो. ती ऐकून लोक जमतात, बंदोबस्त होतो, आणि हाळी थांबते. थांबलेल्या पेशीचे स्राव ही तशीच हाळी होय. ती ऐकून शरीराच्या संरक्षक पेशी धांवून येतात व त्या बिघडलेल्या पेशीला नाहींशी करितात. जखम झाली असतांहि अशा कांहीं पेशी तेथें अल्पकाळ उत्पन्न होतात आणि ती भरून येण्यास मदत करितात. तरुण शरीरांत हा सारा व्यवहार थोडक्यांत आटोपतो.

वय वाढलें कीं या व्यवहाराचा तोल बिघडतो. थांबणाऱ्या पेशींची संख्या वाढत जाते आणि त्यांना हलविणाऱ्या संरक्षक पेशींचा जोर ओसरत जातो. हाळी चालू राहते, पण येणारा कोणी नसतो. आठवड्यांपुरता असलेला दाह वर्षानुवर्षें रेंगाळतो. याच वयांत शरीरांत अशा पुष्कळ पेशी असतात कीं ज्यांच्यांत एक-दोन दोष शिरलेले आहेत, परंतु ज्या अद्याप पुऱ्या बिघडलेल्या नाहींत. त्यांना नेमकें आतां खतपाणी मिळतें. कॅंपिसी यांच्याच प्रयोगशाळेनें २००१ मध्यें हें दाखविलें होतें. थांबलेल्या तंतुपेशींच्या सान्निध्यांत निरोगी पेशी ठेविल्या तर त्यांच्यावर असा परिणाम होत नसे. पण अर्धवट बिघडलेल्या पेशी ठेविल्या तर त्या जोमानें वाढत आणि उंदरांच्या अंगांत त्यांच्या गांठीहि होत. जी पेशी स्वतः कर्करोगी होऊं नये म्हणून थांबली, तिनेंच शेजारणीला त्या मार्गास लावावें, असा हा विचित्र प्रकार आहे.

निसर्गानें असा दुधारी उपाय कां योजावा? जॉर्ज विल्यम्स या अमेरिकन जीवशास्त्रज्ञानें १९५७ मध्यें, या साऱ्या शोधांच्या आधींच, त्याचें तत्त्व सांगून ठेविलें होतें. जो गुण तारुण्यांत, म्हणजे संतति होण्याच्या काळांत, जगविण्यास उपयोगी पडतो, तो वंशांत टिकतो. त्याच गुणाचें भाडें म्हातारपणीं भरावें लागलें तरी तें टिकण्याच्या आड येत नाहीं. पुष्कळांना पूर्वीं साठीहि गांठतां येत नसे, तेथें ऐंशीव्या वर्षाची तरतूद कोण करणार?

हें भाडें किती जबर असूं शकतें याचा दाखला अमेरिकेंतील ह्यूस्टन येथील उंदरांनीं २००२ मध्यें दिला. त्यांच्यांत पी-५३ चा लगाम सदैव ताणलेला राहील असा बदल झाला होता. त्यांना गांठी फारच कमी झाल्या. पण ते लौकर म्हातारे झाले, त्यांचीं हाडें ठिसूळ झालीं, कातडी पातळ झाली, आणि आयुष्यहि घटलें. याच वर्षीं स्पेनमध्यें मात्र दुसऱ्या उंदरांना पी-५३ चें जादा जनुक त्याच्या नैसर्गिक नियंत्रणासह देण्यांत आलें, तेव्हां त्यांना कर्करोगापासून संरक्षण मिळालें आणि अकाली वार्धक्य आलें नाहीं. तात्पर्य, लगाम असणें पुरेसें नाहीं. तो केव्हां खेंचावा व केव्हां सैल सोडावा हें कळणें महत्त्वाचें.

आपल्या घरांशीं निगडित असें एक उदाहरण येथें सांगितलें पाहिजे. सुपारी आणि गुटखा चघळणाऱ्यांचें तोंड हळूहळू आंखडत जातें, गालांच्या आंत पांढरट ताठर पट्टे येतात, तिखट सोसवत नाहीं, आणि पुढें घांस घेण्यापुरतेंहि तोंड उघडत नाहीं. हा विकार महाराष्ट्रांतील दंतवैद्यांच्या रोजच्या पाहण्यांतला आहे. तो कांहीं रोग्यांत मुखाच्या कर्करोगांत परिणत होतो. अशा रोग्यांच्या गालांतील ऊतींत थांबलेल्या तंतुपेशींचा सांठा झालेला आढळला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें तंबाखूविरहित सुपारीसुद्धां कर्करोगजनक म्हणून २००४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या अहवालांत नमूद केली आहे. जेवणानंतरची सुपारी म्हणजे निरुपद्रवी शिष्टाचार, ही समजूत आतां सोडून दिली पाहिजे.

आतां उपचारांकडे वळूं. कर्करोगावरील पुष्कळ औषधें व किरणोपचार कांहीं रोगपेशींना मारतात आणि कांहींना केवळ थांबवितात. थांबविणें हाहि तूर्त लाभच. परंतु त्या पेशी तेथेंच राहिल्या तर त्यांचे स्राव चालू राहतात, आणि प्रयोगांत तर त्यांतील कांहीं पुन्हां जाग्या झालेल्या दिसल्या आहेत. उपचारानंतर रेंगाळणाऱ्या थकव्यालाहि या पेशींचा हातभार असावा, असें उंदरांवरील प्रयोग सुचवितात. म्हणून आधीं थांबवावें आणि मग थांबलेल्यांना काढून टाकावें, अशा दुहेरी उपचाराची कल्पना पुढें आली आहे. मेयो क्लिनिकमधील संशोधकांनीं २०१६ मध्यें मध्यमवयीन उंदरांतून थांबलेल्या पेशी वेळोवेळां नाहींशा केल्या, तेव्हां ते उंदीर अधिक जगले व त्यांना गांठीहि उशीरा झाल्या. अर्थात् त्यांच्या जखमा भरण्यास विलंब लागे. पुढें २०२० मध्यें दुसऱ्या एका संशोधनांत यकृताच्या रक्तवाहिन्यांतील अशा कांहीं पेशी काढिल्या असतां त्यांची जागा भरून निघाली नाहीं व उंदरांची प्रकृति ढांसळली. भिंतींतला जुना दगड कुरूप असला तरी त्यावर तुळई टेकलेली नाहीं ना, हें पाहूनच तो काढावा लागतो.

एवढें कळल्यावर बाजारांतील दोन प्रलोभनांची पारख आपणांस करतां येईल. एक म्हणतें, आम्ही तुमच्या टेलोमिअरची लांबी वाढवितों. आपण विचारावें, ज्या पेशी बहकल्या आहेत त्यांच्याहि दशा वाढल्या तर काय? दुसरें म्हणतें, आम्ही तुमच्या म्हाताऱ्या पेशी झाडून काढितों. या कामीं २०१५ पासून ज्यांचा गवगवा झाला त्यांपैकीं एक रक्ताच्या कर्करोगावरचें प्रखर औषध आहे, आणि दुसरें क्वेर्सेटिन नांवाचें द्रव्य आपल्या कांद्यांतहि असतें. त्यावरून कांद्याच्या कोशिंबिरीनें तारुण्य परत येईल असें कोणी समजूं नये, आणि वैद्याच्या सल्ल्यावांचून तसल्या गोळ्याहि घेऊं नयेत. मनुष्यांवरील चाचण्या अद्याप लहान प्रमाणावर चालू आहेत.

करण्याजोग्या गोष्टी साध्याच आहेत. तंबाखू, सुपारी व धूर यांपासून दूर राहावें. अंगावरच्या एखाद्या तिळाचा आकार वा रंग बदलूं लागला, कडा वेड्यावांकड्या झाल्या, रक्त येऊं लागलें, तर 'जुनाच आहे' म्हणून स्वस्थ न बसतां डॉक्टरांस दाखवावा. तोंडांतील पांढरा डाग किंवा बरी न होणारी जखम यांचीहि हयगय करूं नये. आणि घरांतील वडील माणसाला हा रोग जडला, तर 'कोणतें पाप केलें होतें' असा प्रश्न त्यानें स्वतःस किंवा आपण त्यास विचारूं नये. ज्या व्यवस्थेनें त्याला साठ-सत्तर वर्षें असंख्य वेळां या रोगापासून वांचविलें, तीच आतां थकली आहे. तिचे उपकार मोठे आहेत. तिचें देणें कसें हलकें करावें, एवढाच प्रश्न आतां शास्त्रापुढें आहे.